मेरिनो लोकरीचे इनर : माल पारखावा कसा, विकावा कसा

पुण्याच्या बाजारात थंडीचा माल म्हटला की स्वेटर, मफलर, कानटोपी आणि जाड थर्मल एवढीच यादी वर्षानुवर्षे चालत आली आहे. पुण्याची थंडी तशी बेताची. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण तो अपवाद. एरवी जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांच्या आसपास जातात. त्यामुळे लोकरीच्या आतल्या कपड्यांचा विचार आपल्या दुकानदारांनी फारसा केला नाही.

आता मात्र वेगळे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागले आहे. ते स्वेटर मागत नाही. "मेरिनोचे इनर आहे का?" असे विचारते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी ॲक्रिलिकचे थर्मल पुढे टाकून "हे पण लोकरीचेच" असे सांगितले जाते. माल खपतो, पण गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ते मॉलमध्ये जाते किंवा घरबसल्या माल मागवते. म्हणून ही वस्तू काय आहे, ती कशी पारखावी आणि कोणाला कोणती द्यावी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हे गिऱ्हाईक कोण?

मेरिनोच्या आतल्या कपड्यांचा मोठा वापर थंड देशांतील शिकारी करतात. अमेरिका, कॅनडा येथे परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते, आणि शिकारी पहाटेच्या थंडीत तासन्‌तास एका जागी बसून राहतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ सालीच अभयारण्य झाले. बंदूक गेली, पण रानात जाणारा माणूस गेला नाही. त्याच्या हाती आता कॅमेरा आणि दुर्बीण आहे.

डिसेंबर-जानेवारीत ताडोबाला उघड्या जिप्सीतून पहाटे निघणारा, भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहण्यासाठी उजाडण्यापूर्वी होडीत बसणारा, इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळरानावर लांडग्याची वाट पाहणारा, हरिश्चंद्रगडावर रात्र काढणारा, आणि हिमालयात ट्रेकला जाणारा, हे सारे या मालाचे गिऱ्हाईक. पुण्यात गिर्यारोहणाची हौस जुनी आहे. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, त्यानंतर ती आणखी वाढली.

चालताना नव्हे, थांबल्यावर

या गिऱ्हाइकाची गरज एका वाक्यात सांगता येते. त्याला थंडी चालताना वाजत नाही, थांबल्यावर वाजते. माणूस चढ चढतो, सामान वाहतो आणि घामाघूम होतो. मग तो थांबतो. अंगातली ऊब कमी होते, वारा लागतो, आणि अंगाला चिकटलेला ओला कपडा उरलेली उष्णता ओढून नेतो. पुण्याच्या आसपास याने सर्दी-पडशावर भागेल. हिमालयात मात्र ओल्या कपड्यांनी शरीराचे तापमान घसरले तर जिवावर बेतते.

म्हणूनच सुती बनियन या कामाला नालायक. सूत पाणी पिते, धरून ठेवते आणि वाळायला वेळ लावते. उन्हाळ्यात हाच त्याचा गुण, थंडीत हाच दोष. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, लवकर वाळते आणि स्वस्त पडते, पण दोन दिवस अंगात राहिले की त्याला वास मारतो. लोकर या दोहोंपेक्षा वेगळी आहे. नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्के ओल धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, तर लोकर सुमारे सोळा टक्के धरते. दमट हवेत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर जाते, तरी हाताला ती ओली लागत नाही. घामाची वाफ ती तंतूच्या आत घेते आणि ओल शोषताना थोडी उष्णताही सोडते. तंतूंच्या नैसर्गिक वळणांमध्ये हवा अडकते, ती ऊब राखते. घामाचा वासही लोकरीला फार उशिरा येतो. चार-पाच दिवस एकाच कपड्यावर काढणाऱ्या ट्रेकरला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर नायलॉनसारखी वितळून कातडीला चिकटत नाही.

आपली लोकर का चालत नाही?

पुष्कळजण विचारतील की मेंढ्या आपल्याकडेही आहेत. पुण्यातच गोखलेनगरला शासनाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. मग लोकर परदेशी कशाला? याचे उत्तर तंतूच्या जाडीत आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड व केसाळ असते. घोंगडीला ती उत्तम, पाऊस-वारा तिने पिढ्यान्‌पिढ्या अडवला. पण उघड्या अंगावर ती टोचते. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण तीस मायक्रॉनच्या पुढचा तंतू कातडीला टोचतो. मेरिनो चोवीस मायक्रॉनच्या आत असते, आणि अंगालगतच्या कपड्यासाठी साडेसतरा ते साडेएकोणीस मायक्रॉनची लोकर वापरतात.

ही मेंढी मूळची स्पेनची मानली जाते. तिचे नाव उत्तर आफ्रिकेच्या बनू मरीन घराण्यावरून पडले, असे एक मत आहे. स्पेनने ही जात कित्येक शतके देशाबाहेर जाऊ दिली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती ऑस्ट्रेलियात पोचली आणि आज जगातील बारीक लोकरीचा मोठा भाग तेथूनच येतो. आपल्याकडे लोकरीच्या विणमालाचे मोठे केंद्र लुधियाना. तेथील गिरण्याही बारीक लोकर बाहेरून आणतात. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने तेथील लोकरीवरचा अडीच टक्के आयात कर उठला आहे. भावाची बोलणी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दोन आकडे विचारा

माल घेताना व्यापाऱ्याने दोन आकडे विचारलेच पाहिजेत. पहिला मायक्रॉन, म्हणजे तंतूची जाडी. दुसरा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. पहिल्यावरून मऊपणा कळतो, दुसऱ्यावरून ऊब.

दीडशे जीएसएमचा कपडा पातळ. सह्याद्रीतला हिवाळी ट्रेक, भिगवणची पहाट, चालण्याचे काम जास्त असलेला प्रवास यांना तो पुरतो. दोनशेच्या आसपासचा मध्यम, आणि दुकानात एकच प्रकार ठेवायचा तर हाच ठेवावा. ताडोबाच्या जिप्सीत बसणारा आणि हिमालयातला साधा ट्रेकर दोघांचेही भागते. अडीचशे व त्यापुढचा जाड. बर्फात रात्र काढणाऱ्याला किंवा तासन्‌तास बसून राहणाऱ्यालाच तो द्यावा. जाड म्हणजे चांगला, ही समजूत गिऱ्हाइकाच्या मनातून काढणे हे दुकानदाराचे काम. जास्त जाड कपडा चालताना जास्त घाम आणतो, आणि सारा त्रास घामापासूनच सुरू होतो.

माप अंगाबरोबरचे हवे, पण आवळणारे नको. ढगळ इनर कातडीपासून सुटते आणि घाम उचलत नाही. पाठ लांब असावी, वाकल्यावर कंबर उघडी पडू नये. शिलाई फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट असावी. खांद्यावर उभी शिवण असेल तर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली ती रुतते.

खरे-खोटे कसे ओळखावे?

'वूल टच', 'वूल रिच', 'मेरिनो फील' असले शब्द म्हणजे टक्केवारी नव्हे. आतल्या पट्टीवर लोकर किती टक्के हे आकड्यात लिहिलेले असले पाहिजे. १९६४ पासून चालत आलेली 'वूलमार्क' ही खूण शुद्ध नव्या लोकरीची निशाणी आहे. मिश्र मालाची खूण निराळी असते, ती नीट पाहावी.

मिश्रण म्हणजे भेसळच असेही नाही. फार पातळ मेरिनो लवकर विरते, म्हणून तिच्यात दहा-पंधरा टक्के नायलॉन घालतात आणि कपडा जास्त टिकतो. प्रश्न एवढाच की ते गिऱ्हाइकाला सांगून विकले जाते की लपवून.

ठोक माल घेण्यापूर्वी एक नग नमुना म्हणून घ्यावा आणि दोन परीक्षा कराव्यात. पहिली, दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून, मालापासून दूर, जाळून पाहावेत. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक व पॉलिएस्टर वितळून त्यांचा कडक मणी होतो. दुसरी, कापडाचा छोटा तुकडा काचेच्या वाटीत घरगुती क्लोरीन ब्लीचमध्ये काही तास बुडवून ठेवावा. खिडकी उघडी असावी आणि त्यात दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये. लोकर विरघळून जाते. जे उरते ते सूत किंवा कृत्रिम धागा. या वाटीपुढे कोणत्याही पुरवठादाराची बोलाची कढी टिकत नाही.

भाव, कर आणि हंगाम

मेरिनो महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीची रचना बदलली आहे. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगाला पाच टक्के, त्यापुढे अठरा टक्के. म्हणजे २५०० चा नग करासह २६२५ ला पडतो, तर २६०० चा नग ३०६८ ला. भावात शंभराचा फरक, गिऱ्हाइकाच्या खिशाला ४४३ चा. किंमत बांधताना ही रेघ डोळ्यांसमोर असावी. अंगातला कपडा आणि पायजमा असा जोड विकायचा असेल तर बिल कसे करावे हे आपल्या कर-सल्लागाराला विचारून ठरवावे.

हंगामाचेही गणित स्वेटरपेक्षा वेगळे आहे. स्वेटर दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांतीनंतर संपतो. उरलेला माल वर्षभर भांडवल अडकवतो. मेरिनोचे तसे नाही. ताडोबाचा गाभ्याचा भाग पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात उघडतो, डिसेंबर-जानेवारीत हिमालयातील बर्फाचे ट्रेक असतात, आणि एप्रिल-मे मध्ये, पुण्यात ऊन तापलेले असताना, सुटीतले ट्रेकर लोकरीचे कपडे शोधत फिरतात. त्या वेळी बहुतेक दुकानांत थंडीचा माल गोण्यांत बांधलेला असतो. जो दुकानदार मार्चमध्ये दोनशे जीएसएमचे मोजके नग दर्शनी मांडील, त्याला हे गिऱ्हाईक मिळेल. सुरुवात थोड्या नगांनी व मधल्या मापांनी करावी. उधारीवर मोठा साठा भरू नये.

धुलाई, कसर आणि रफू

तक्रार होऊन परत आलेल्या मालाचे कारण पुष्कळदा कपड्यात नसते, धुण्यात असते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणे यांनी ते एकमेकांत अडकतात व कपडा आटतो. यंत्रात धुण्याजोगी प्रक्रिया केलेला माल मिळतो, पण पट्टीवर तसे लिहिलेले असेल तरच ती खात्री द्यावी. कोमट-थंड पाणी, सौम्य साबण किंवा आपला जुना रिठा, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबणे आणि सावलीत आडवे पसरून वाळवणे, एवढे पुरते. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि डाग काढणारी एन्झाइमची पावडर लोकरीचे शत्रू आहेत. हे नियम छोट्या चिठ्ठीवर छापून प्रत्येक नगासोबत द्यावेत.

दुसरा शत्रू कसर. तिच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचे डाग असलेला कपडा आधी धरतात. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत डांबरगोळ्यांसह ठेवावा. पुण्याच्या पावसाळ्यात दुकानातला साठाही मधून मधून उघडून पाहावा.

येथे आपल्या कारागिरांना काम आहे. तीन हजारांच्या कपड्याला डाळीएवढे भोक पडले म्हणून कोणी तो फेकत नाही, पण दुरुस्त करणारा सापडत नाही. शालीचा ताणा-बाणा भरणाऱ्या रफूगाराने एवढेच ध्यानात घ्यावे की हे विणलेले, फासांचे कापड आहे. आडवे-उभे धागे भरले तर ती जागा ताठ होते आणि कडेने पुन्हा उसवते. फासात फास घेऊन टाका भरला तर कापड ताणते व टिकते. शिंप्याने लांबी कमी करताना कापलेली पट्टी गिऱ्हाइकाला परत द्यावी. पुढे रफूचा धागा तिच्यातूनच उसवून मिळतो. यंत्रावर बॉलपॉइंट सुई लावावी आणि ताणणारा टाका घालावा. साधी सरळ शिलाई पहिल्याच ताणाला तुटते.

शेवटी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. प्रत्येकाला मेरिनो विकू नये. जूनच्या पावसात एका दिवसासाठी सिंहगड चढणाऱ्याला पॉलिएस्टरची बनियन पुरते आणि ती लवकर वाळते. त्याला तीच द्यावी. पुढे तो हिमालयात निघेल तेव्हा खरा सल्ला देणाऱ्या दुकानाची त्याला आठवण होईल. माल कोठेही मिळतो. माल ओळखून सांगणारा माणूस पेठेतल्या दुकानातच भेटतो, आणि मोठ्या दुकानांपुढे टिकायचे तर आपले भांडवल हेच आहे.