दान पावलं!

आमच्या घरात ‘धन्यवाद’ हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. तो मला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी ‘कृतज्ञता’ या विषयावर निबंध लिहायचा होता, तेव्हा ग्रंथालयातली पुस्तके चाळून मी चार पाने भरली. त्यात माझी आजी कुठेच नव्हती. ती चूक आज दुरुस्त करतो.

माझे गाव सुलतानपूर, तालुका लोणार. लोणारचे सरोवर पाहायला दूरदूरचे लोक येतात. आमच्या गावची पहाट पाहायला कोणी येत नाही. आजी जागी झाली की अंथरुणातच दोन्ही तळहात पाहते, ते तोंडावरून फिरवते आणि पाय खाली टाकण्याआधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावते. या दोन्ही कृतींसाठी संस्कृतात श्लोक आहेत. आजीला त्यांतला एकही येत नाही. धरती ही आई, तिच्यावर पाय द्यावा लागतो म्हणून आधी क्षमा मागायची, एवढे तिला ठाऊक आहे.

तिच्या लहानपणी पहाटे वासुदेव यायचा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या. सुपातले पसाभर धान्य झोळीत पडले की तो पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी अशी नावे घेऊन ‘दान पावलं’ म्हणायचा. मराठीच्या तासाला बसू लागल्यापासून मला या ‘पावणे’ क्रियापदाची गंमत वाटते. दान पावते, देवही पावतो, आणि दुकानदार देतो ती ‘पावती’सुद्धा त्याच घराण्यातली! म्हणजे आपण दिलेले पोहोचले, याची पोच वासुदेव देत असे. मला वाटते, आजीचे जमिनीला हात लावणे हीदेखील पोचच आहे. दिवस मिळाला, एवढेच ती कळवते. तो कसा आहे, हे त्यात येत नाही.

हा फरक मला उशिरा कळला. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आमचा बुलडाणाही होता. अशा मुलखात राहून ‘प्रत्येक दिवस ही देवाची देणगी’ असे लिहिताना हात अडखळतो. खोटे कशाला सांगू?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) विदर्भातल्या खेड्यांना पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना लावून दिली, आणि जोडीला ग्रामसफाईसाठी हाती खराटाही दिला. त्याच्याही आधीपासून चालत आलेला आहे काकडा. काकडा म्हणजे कापडाची पिळलेली, तेलातुपात भिजवलेली वात. ती पेटवून कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे देवाला ओवाळतात. हे खरिपाचे पीक घरात येण्याचे दिवस.

२०१९ मध्ये याच दिवसांत पाऊस थांबेना. आमची सोयाबीनची सुडी भिजली, शेंगांना कोंब फुटले. दिवाळीत घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. अशा एका पहाटे आजी नेहमीसारखी काकड्याला निघाली. वडील चिडून म्हणाले, “काय दिलं देवानं, म्हणून जातं तू?”

आजी चप्पल शोधत होती. ती म्हणाली, “सोयाबीन गेलं बापू, दिवस थोडाच गेला? तो तं आला ना दारात.”

वडिलांनी उत्तर दिले नाही. ते काकड्यालाही गेले नाहीत. पण आजी परत आली तेव्हा ते शेतात पोहोचले होते. मी डबा घेऊन गेलो, तर सुडीवरची ताडपत्री काढून ते मधल्या कोरड्या पेंढ्या एकेक करून बाजूला रचत बसले होते. मला पाहून म्हणाले, “उभा काय राहिला? ये, धर हे.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे तेच करीत होतो.