पुण्याच्या रस्त्यांवर दरमहा कोण मरते?

दर महिन्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते. गेल्या महिन्यात शहरात इतके अपघात, इतके मृत्यू, इतके जखमी. मागच्या महिन्यापेक्षा आकडा कमी असेल तर 'अपघातांत घट', जास्त असेल तर 'अपघातांत वाढ'. आपण ती वाचतो, पान उलटतो. पण ज्या घरातला कर्ता माणूस त्या आकड्यात मोजला गेला, त्या घराचे पुढचे सारे महिने त्याच दिवशी थांबलेले असतात.

पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत अलीकडच्या काही वर्षांत रस्ता अपघातांत मरणाऱ्यांची संख्या वर्षाला तीनशेच्या घरात गेली आहे. म्हणजे महिन्याला पंचविसाहून अधिक कुटुंबे. ही माणसे कोण असतात? केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोन हे दुचाकीवरचे किंवा पायी जाणारे. पहाटे झाडूकामाला निघालेली बाई, दुसऱ्या पाळीहून परतणारा कामगार, बसथांब्याकडे धावणारी शाळेची मुलगी, घरोघरी पार्सल पोहोचवणारा तरुण हेच लोक रस्त्यावर पायी आणि दुचाकीवर असतात. म्हणून हा प्रश्न मोटारवाल्यांचा नाही. तो येरवड्याचा, ताडीवाला रोडचा, दांडेकर पुलाचा, रामटेकडीचा आणि बोपोडीचा आहे.

आकडा वाचायचा कसा?

महिन्याच्या आकड्याला फसू नये. महिन्याला पंचवीस मृत्यू होत असतील, तर रस्ते आहेत तसे राहूनही एखाद्या महिन्यात वीस होतील, एखाद्या महिन्यात तीस. हा निव्वळ चढउतार असतो. वीस झाले म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये आणि तीस झाले म्हणून एका दिवसाची धडक मोहीम काढून गप्प बसू नये. या वर्षीचा मे महिना गेल्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहावा, एप्रिलशी नव्हे. आणि तीन-चार वर्षांचा कल बघावा.

दुसरी गोष्ट हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले. तिकडचे अपघात पुण्याच्या हिशोबातून गेले. साहजिकच पुण्याचा आकडा खाली आला. त्यात सुधारणेचा वाटा किती आणि हद्दीचा किती, हे वेगळे काढावे लागते. पुढे २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ग्रामीणची पोलीस ठाणी शहरात आली. मोठ्या रस्त्यांवरचे अपघात शहराच्या खात्यात जमा झाले. मधल्या २०२० सालात टाळेबंदी होती, रस्तेच रिकामे होते. त्या वर्षाशी तुलना करून 'अपघात वाढले' म्हणणे किंवा २०१७ शी तुलना करून 'अपघात घटले' म्हणणे, दोन्ही चूक.

तिसरी गोष्ट. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत दवाखान्यात दगावलेला माणूसही अपघाती मृत्यूत धरला जातो. म्हणून महिना संपताच छापलेला आकडा पुढे वाढू शकतो. आणि जो जगला पण पाय गमावून बसला, तो मृतांच्या रकान्यात कधीच येत नाही. हमाली करणाऱ्या माणसाचा पाय गेला तर घराची काय दशा होते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

कोरडा, सरळ रस्ताच जास्त मारतो

आपला समज असा की पाऊस, वळण आणि खड्डे यांनीच माणसे मरतात. खड्डे मारतात, यात शंका नाही. पण २०२२ चा देशाचा हिशोब सांगतो की सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ, निरभ्र हवामानात झाले आणि सुमारे दोन तृतीयांश सरळ रस्त्यावर झाले. कारण उघड आहे. रस्ता कोरडा आणि सरळ दिसला की वेग वाढतो. त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदवले गेले. मे आणि जून महिन्यांचा आकडा वरचा असतो. लग्नसराई, सुट्ट्या, गावाकडचे प्रवास, रात्रीचे वाहन चालवणे हे सारे त्याच दिवसांत येते. आणि दिवसाच्या वेळेत पाहिले तर संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत पाचवा हिस्सा अपघात होतात. कामावरून घरी परतायची हीच वेळ. माणूस थकलेला, उजेड कमी, प्रत्येकाला घाई.

वेग म्हणजे नेमके काय, हे मुलांना असे समजावून सांगावे. ताशी ३० किलोमीटरने आदळणे म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडणे. ताशी ५० ने आदळणे म्हणजे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. वेग दुप्पट झाला की माराची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. पहिल्या मजल्यावरून पडलेला बहुधा वाचतो. तिसऱ्यावरून पडलेल्याचे काय होईल?

नवले पुलाचा उतार

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर महामार्ग नऱ्हे, नवले पुलाकडे सलग उतरत येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ गाड्यांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आले होते. डिझेल वाचावे म्हणून काही चालक उताराला गाडी न्यूट्रलवर टाकतात. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनही तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलवर टाकली की सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. आपल्यातले कितीतरी भाऊ ट्रक, टेम्पो चालवतात. त्यांनी ही गोष्ट गाठीला बांधावी : ज्या गिअरवर चढ चढतो, त्याच गिअरवर उतार उतरावा.

२०२२ नंतर तेथे वेगमर्यादा घालण्यात आली, रस्त्यावर पट्टे मारले गेले. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांना धडक दिली, दोन मोठ्या वाहनांमध्ये एक मोटार चिरडली, आग लागली आणि किमान आठ माणसे मेली. एखाद्या पाचशे मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की सरकारी व्याख्येने तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. जागा ठाऊक, कारण ठाऊक, तरी माणसे मरतात. मग दोष फक्त चालकाचा कसा म्हणायचा? चालक चुकणार हे गृहीत धरून रस्ता बांधला पाहिजे, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच मान्य केले. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्ता अपघातात एकही माणूस मेला नाही; तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० आहे. परदेश दूरचा वाटत असेल तर आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. तेथे २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्याच वर्षी रस्त्यातले दोष शोधून दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले आणि २०१९ मध्ये मृतांची संख्या ९२ वर आली. टाळेबंदी तेव्हा नव्हती.

नगर रस्त्याची दोन रूपे

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेली ही माणसे. दोन चिमुकली बालके आणि एक तरुण जागीच गेले, सहा जण जखमी झाले. या मृत्यूंची चर्चा किती दिवस चालली? रात्री डंपर कोणत्या रस्त्याने जातील, त्यांचे चालक प्यायलेले नाहीत हे कोण तपासेल आणि शहर बांधायला आलेल्या मजुराने रात्री झोपायचे कोठे, हे तिन्ही प्रश्न रस्ता सुरक्षेचेच आहेत.

आणि हाच नगर रस्ता पुढे पेरणे फाट्याला जातो. दर १ जानेवारीला लाखो लोक भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला त्याच रस्त्याने जातात. अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी जड वाहने दुसऱ्या मार्गाने वळवली जातात, वाहनतळ ठरवले जातात, तेथून पीएमपीच्या बसेस सोडल्या जातात, जागोजागी पोलीस आणि रुग्णवाहिका असतात. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया त्या रस्त्याने निर्धास्त चालतात. प्रशासनाने मनावर घेतले तर पायी चालणाऱ्याला रस्ता देता येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता? महापालिकेनेही २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. चांगलेच आहे. पण एका दिवसाने आणि एका रस्त्याने भागत नाही. वस्तीसमोर ओलांडायला पट्टे, मधे थांबायला जागा, चालू असलेला दिवा आणि मोकळा पदपथ ही मागणी ३६५ दिवसांची आहे.

अपघात झालाच तर

आपले लोक दोन ठिकाणी नुकसान करून घेतात : जखमीला उशिरा दवाखान्यात नेतात आणि भरपाईचा हक्क सोडून देतात. पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवाव्यात.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ लावा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायची सक्ती करू नये, असे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि पुढे कायद्यानेही दिले आहे. म्हणून भिऊन बाजूला होऊ नका. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेखाली अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. दवाखान्यात तसे स्पष्ट विचारा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. दावेदार जेथे राहतो तेथेही तो करता येतो. अपघात परगावी झाला म्हणून सोडून देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तेव्हा दिवसकार्य आटोपले की लगेच कागद गोळा करा : फिर्यादीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा किंवा उपचाराचा अहवाल, पगाराचा पुरावा. पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तरी त्याच तारखेपासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मोल आहे आणि तिच्या मृत्यूची भरपाई त्या हिशोबाने द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बजावले आहे. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराचा कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीनुसार कामावरचाच धरला जातो.

वकिलाची फी नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतील बौद्धांना हा हक्क आहेच. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

घरातले नियम

पुण्यात हेल्मेटविरोधी मोर्चे निघाले, चेष्टाही झाली. पण हेल्मेट घातल्याने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, त्यांतले चौदा हजारांवर मागे बसलेले होते. तेव्हा एक हेल्मेट पुरत नाही. मागे बसणाऱ्या पत्नीला आणि चार वर्षांवरील मुलालाही ते हवे, कायदाही तेच सांगतो. ते आयएसआय खुणेचे असावे आणि पट्टा लावलेला असावा.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी देऊ नका. त्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारू पिऊन गाडीला हात लावू नये. पाचवे शील पाळणाऱ्याला हे वेगळे सांगायचे कारण नाही. रात्री पायी निघताना फिकट कपडे घालावेत. हप्त्यावर गाडी घेतो तेव्हा तिचा विमा संपू देऊ नये.

बंधू-भगिनींनो, ही झाली घरातली बाजू. दुसरी बाजू एकट्याने होणारी नाही. महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी एका रविवारी विहारात बसून आपल्या वस्तीसमोरच्या रस्त्याची यादी करावी : गेल्या तीन वर्षांत कोठे, किती वाजता, कोणाला, कोणत्या वाहनाने ठोकरले. तारखांसह ती यादी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे द्यावी, पोच घ्यावी आणि महिन्याने काय झाले ते विचारायला पुन्हा जावे.