बाबांची खुर्ची दारात का?

फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर आम्ही सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हॉलची बाल्कनी आत घेतली. सगळेच घेतात हो! स्क्वेअर फुटाचा भाव बघता चार बाय दहाची जागा कबुतरांना कशाला सोडायची? अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, काळ्या काचा, बाजूच्या खिडकीवर टीव्ही युनिट, वर फॉल्स सीलिंग. फोटोत हॉल एकदम झकास! तरीही रविवारी दुपारी तिथे बसलं की उगाचच बाहेर पळावंसं वाटायचं. मग काय, आम्ही मॉलमध्ये जायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबा चिपळूणजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून एकटेच होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डायनिंगची खुर्ची उचलली आणि फ्लॅटच्या दारात मांडली. दार सताड उघडं, समोर लिफ्ट, शेजारी चपलांचं कपाट. दिवसभर तिथेच! ‘सगळं ठीक आहे ना?’ सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं. नवरा म्हणाला, ‘बोअर होत असतील, टीव्हीचं पॅकेज वाढवू या.’ मला तर रागच आला. एवढं सजवलेलं घर, आणि यांना चपलांशेजारी बसायचंय! एकदा जेवताना ते हळूच म्हणाले, ‘अगं, मी आपला गावी जातो परत.’

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर गावचं घर येत राहिलं. अंगण, पडवी, ओटी, मग माजघर. बाबांची जागा ओटीवर. पाठीला भिंत, डोक्यावर उतरती कौलं आणि समोर अख्खी पाणंद. येणारा-जाणारा दिसणार, हाक मारायची की गप्प बसायचं, ते यांच्या मर्जीवर. आमच्या तीन खोल्यांत अशी एकच जागा उरली होती... दार!

जे अ‍ॅपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली नेमकं हेच मांडलं होतं. आपल्याला लांबवर दिसावं, पण आपण मात्र आडोशाला असावं, अशी जागा माणसाला आवडते. कॅफेत आपण कोपऱ्यातलं टेबल पकडतो ते उगाच नाही. दोन वर्षांनी ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे पुस्तक आलं. घरं आणि शहरांसाठीच्या २५३ सूचना! त्यातली एक मला फार पटली: प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. एकाच बाजूने आला की डोळे दिपतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव नीट दिसत नाहीत. बिल्डरने आम्हाला दोन बाजू दिल्या होत्या बरं का. एक टीव्हीने खाल्ली, दुसरी काळ्या काचांनी.

‘कोकणातल्या घराचं इथे उंचावर काय?’ असं नवरा म्हणालाच. त्याला मुंबईचं ‘कांचनजंगा’ दाखवलं. चार्ल्स कोरियांची ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिथे समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण तिरपं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांभोवती व्हरांडा असायचा, त्याच धर्तीवर कोरियांनी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या, झाडं लावायच्या गच्च्या दिल्या. म्हणजे पडवीच की, फक्त लिफ्टने जायची! (तिथला भाव विचारू नका.)

आणि समोर झाड दिसलं तर सोन्याहून पिवळं. १९८४ साली रॉजर उलरिच यांचा अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमधला अभ्यास छापून आला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. आमच्या काळ्या काचांमागे चांगला गुलमोहर होता!

दिवाळीच्या बोनसमधून सोफा बदलायचा होता. त्याऐवजी फॅब्रिकेटरला बोलावून खिडक्या काढल्या आणि ग्रिल कमरेइतकंच ठेवलं. टीव्ही आतल्या भिंतीवर गेला. कबुतरं परत आली, धूळही येते, पहिल्याच अवकाळी पावसात पायपुसणं भिजलं. फॉल्स सीलिंगचं काय करायचं यावर अजून भांडण चालू आहे.

बाबांनी खुर्ची स्वतःच उचलून बाल्कनीत नेली, भिंतीला पाठ लावून. आता ऑफिसातून येताना गेटवरूनच मला ते दिसतात. काल वरूनच ओरडले, ‘अगं, येताना कोथिंबीर घेऊन ये!’ अख्ख्या सोसायटीने ऐकलं.