वर्गणीची पावती

यंदा आषाढात चार दिवस पार्सेला जाऊन आलो. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर तेथले. म्हापसे मागे टाकून शिवोलीला आले, की शापोरा नदीवरचा पूल लागतो. तो ओलांडला की पेडणे महाल. मग चोपडे, आगरवाडा आणि त्यापुढे पार्से. पावसाने सारा मुलूख हिरवागार झाला होता. श्रीभगवतीचे दर्शन घेतले, बहिणीच्या हातची पेज खाल्ली आणि भाचीशी पोटभर बोललो. त्या बोलण्यातूनच हा लेख निघाला आहे.

भाचीला गेल्या वर्षी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली. शाळा दूरच्या एका वाडीत आहे. वर्ग चार, मुले अठरा आणि शिक्षिका एक. पहिलीला अक्षरे गिरवायला द्यायची, दुसरीला पाढे म्हणायला बसवायचे, तेवढ्यात तिसरी-चौथीचे गणित सोडवायचे. मधून मधून आहाराची नोंद, हजेरीपत्रक आणि वरून मागवलेले तक्ते. हे सारे ती हौसेने करते. तक्रारीचा सूर तिच्या तोंडून निघाला नाही.

तिसऱ्या रात्री जेवणे आटोपून आम्ही पडवीत बसलो असता तिने एक छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. शिक्षक संघटनेच्या सभासदत्वाचा तो अर्ज होता. बहीण लगबगीने म्हणाली, "दादा, तूच समजाव हिला. दोन वर्षे परिविक्षेची आहेत. कायम झाली की काय करायचे ते करू दे. आत्तापासून युनियनच्या नादी कशाला लागायचे?"

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले. बडोद्यातल्या आपल्या जुन्या घरांतून 'युनियन' हा शब्द गिरणीच्या फाटकापाशीच राहिला. शिक्षक म्हणजे गुरुजी, मास्तर. त्याने पगाराची भाषा बोलू नये, हक्काची तर नाहीच नाही. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला, तेथे मास्तराला मान होता आणि त्या मानाचा आपल्याला अभिमान आहे. पण मान आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मी 'थांब' म्हणणार, तोच भाचीने विचारले, "मामा, तुम्हीही शिक्षकच होता. तुम्ही कोणत्या संघटनेत होता?"

मी कोणत्याच संघटनेत नव्हतो. त्याचे कारण मी पन्नास वर्षे कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

माझी पहिली नोकरी एका खासगी शाळेत होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला कारकून पगारपत्रक पुढे करी. त्यावर जो आकडा असे त्यावर सही करायची आणि हाती त्याहून कमी रक्कम घ्यायची. उरलेले पैसे 'इमारत निधीला' जात. इमारत काही वाढली नाही. आम्ही सात शिक्षक होतो. सातही जण सही करीत होतो आणि आपल्यालाच कमी मिळते की सर्वांनाच, हे एकमेकांना विचारण्याची कोणाची छाती नव्हती. आमच्यातल्या एकाने ते विचारले. नुसते विचारले, एवढेच. वर्षअखेरीस त्याला 'गरज नाही' असे पत्र मिळाले. निरोप द्यायला स्टेशनवर मी एकटा गेलो होतो, तोही संध्याकाळ झाल्यावर, कोणी पाहू नये म्हणून. गाडी सुटताना तो हसून म्हणाला, "तू आलास, हे पुष्कळ झाले." ते पुष्कळ नव्हते. आम्ही सहा जण त्याच्याबरोबर उभे राहिलो असतो तर ते पुष्कळ झाले असते.

पडवीत कोणी काही बोलेना. मेहुण्यांचा अडकित्ता तेवढा वाजत होता. मग भाचीने आपली हकीकत सांगितली. श्रावणापूर्वी तिला डॉक्टरकडे जायचे होते. तिने रजेविषयी विचारले, तेव्हा कोणा वरिष्ठाने तोंडी सांगितले, "आधी बदली शिक्षक शोधा, मग रजेचे बोला." ती दोन दिवस ओळखीच्यांना फोन करीत राहिली. शेवटी संघटनेचे काम करणाऱ्या एका वडीलधाऱ्या शिक्षिकेने तिला सांगितले, "बाई, बदली माणूस पाहणे हे तुझे काम नव्हे, प्रशासनाचे. तू लेखी अर्ज दे आणि त्याच्या प्रतीवर पोच घे." तिने तसे केले. रजा मिळाली. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन दिवसांचा जीव टांगणीला लागला होता.

या प्रसंगात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. नियम होते, पण ते वाडीतल्या त्या एका खोलीपर्यंत चालत येत नाहीत. ते कोणीतरी आणून द्यावे लागतात.

घरी परतल्यावर मी हे नियम जरा बारकाईने चाळले. त्यांतले चार येथे सांगतो, कारण आता आपल्याही घरांतल्या मुली-सुना शिक्षिका आहेत.

पहिली गोष्ट संघटनेची. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे आणि सरकारी नोकर झाल्याने माणूस नागरिक राहत नाही असे नाही. सरकारने मान्यता दिलेल्या संघटनेतच नोकराने राहावे, असा एक नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ओ. के. घोष यांच्या खटल्यात रद्द ठरविला. परिविक्षेवरील शिक्षकाला हे स्वातंत्र्य नाही, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. मात्र संपाची गोष्ट वेगळी. तमिळनाडूतील सरकारी नोकर व शिक्षकांच्या मोठ्या संपानंतर २००३ साली त्याच न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही असा निर्वाळा दिला. गोव्याच्या सरकारी शिक्षकांना लागू असलेल्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. सभासद होणे आणि संपावर जाणे यांत अंतर आहे, ते नव्या शिक्षकाने नीट ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट नोकरीच्या शाश्वतीची. परिविक्षेतल्या माणसाला कमी करणे सोपे असते, हे खरे. पण काम समाधानकारक नाही म्हणून कमी करणे आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात, हुकमाची भाषा कितीही गोड असली तरी चौकशी व्हावी लागते, असे १९७४ साली शमशेर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले. अशी खातेनिहाय चौकशी झाली तर आरोपित नोकराला आपल्या साहाय्यास दुसरा सरकारी अथवा निवृत्त सरकारी नोकर घेता येतो. वकील सहसा मिळत नाही. अशा वेळी नियम तोंडपाठ असलेला, दहा चौकशा पाहिलेला सहकारी कोठून आणायचा? तो संघटनेतच सापडतो. मला विचाराल तर सभासदत्वाचा सर्वांत मोठा लाभ हा. दिनदर्शिका आणि स्नेहसंमेलन ही नंतरची गोष्ट.

तिसरी गोष्ट कामाची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून अन्य बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत साठापर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक असावेत, असे म्हटले आहे. म्हणजे अठरा मुलांच्या शाळेसाठी भाचीने दुसरा शिक्षक मागितला, तर ती स्वतःचा भार हलका करा असे म्हणत नाही. ती त्या अठरा मुलांचे देणे मागत असते.

चौथी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. कामाच्या जागी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास तक्रार कोठे करावी, हे २०१३ च्या कायद्याने ठरविले आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते. तेथल्या स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. एकशिक्षकी शाळेतल्या किती मुलींना हे कोणी सांगितले असेल?

आता गोव्याचीच एक गोष्ट सांगतो. १९७५ साली तेथल्या एका खासगी शाळेने एका शिक्षिकेला नोकरीवरून कमी केले. तिने कामगार कायद्याचे दार ठोठावले. सरकार म्हणाले, शिक्षक हा 'कामगार' नव्हे. उच्च न्यायालय तेच म्हणाले. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि २७ जुलै १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. ए. सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार, असे त्या खटल्याचे नाव. विद्यादान हे थोर कार्य आहे, ते कारकुनी किंवा अंगमेहनतीचे काम नव्हे, असे त्यामागचे तत्त्व. वाचायला हे गोड आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की शिपायाला जे दार उघडे होते ते शिक्षिकेला बंद झाले. थोरवी मिळाली आणि दाद गेली. शिक्षकांनाही दाद मागण्याची सोय हवी, हे न्यायालयालाही मान्य होते आणि गोव्यात १९८४ साली शालेय शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला होता. त्या कायद्याने खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींना आधार दिला. पण तेरा वर्षे एक बाई लढत होती, हे विसरू नये.

पेडणे महालाला तर हे स्वातंत्र्य फार उशिरा मिळाले. १७८८ साली सावंतवाडीकरांकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. सालाझारच्या अमलात सभा भरविणे हाच गुन्हा होता. मोहन रानडे सांगलीहून गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, मुक्तिलढ्यात पडले, १९५५ साली पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्या भूमीत आज एक तरुण मुलगी संघटनेचा अर्ज उघडपणे भरू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. मुक्तीनंतर पेडण्याचेच सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांतल्या कित्येक शाळांचा पट आज आटला आहे. अशा शाळेतला शिक्षक पूर्वीपेक्षा अधिक एकाकी आहे.

संघटनांचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. गटबाजी असते, पुढाऱ्यांची दरबारी वृत्ती असते, कामचुकाराला पाठीशी घालण्याचे प्रकारही होतात. म्हणून मी भाचीला सांगितले, की वर्गणी देण्यापूर्वी चार प्रश्न विचार. संघटना नोंदलेली आहे का? हिशेब तपासून सभासदांपुढे ठेवतात का? निवडणुका वेळेवर होतात का? कार्यकारिणीत स्त्रिया किती आहेत? आणि पावती घेतल्यावाचून पैसा देऊ नकोस. सभासद झाल्यावरही आपले सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः पाहा. निवृत्तिवेतनासाठी पगारातून कापलेली रक्कम आपल्या खात्यात जमा होते की नाही ते तपास. वार्षिक अहवालातला शेरा माग. तो नोकराला कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे. संघटना तुझ्या बाजूला उभी राहील, पण तुझे कागद तूच जपायचे आहेत.

५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र संमत झाले. १९९४ पासून त्याच दिवशी जागतिक शिक्षक दिन पाळतात. परिविक्षेचा काळ नव्या शिक्षकाला धाकात ठेवण्यासाठी नसून त्याला उत्तेजन देऊन कामात रुळविण्यासाठी आहे, असा त्यातल्या एका कलमाचा आशय आहे. आपण नेमके उलट करतो. नवा माणूस घाबरलेलाच बरा, असे आपल्याला वाटते. घाबरलेला शिक्षक मुलांना काय शिकविणार? तो सही करायला शिकवील.

निघण्याच्या सकाळी मी भाचीला म्हटले, "यंदाची वर्गणी मामाकडून. नव्या नोकरीची भेट समज."

ती हसली. "नको मामा. साडी घ्या हवी तर. वर्गणी मात्र माझ्या पगारातलीच हवी."

बहीण चहा गाळीत होती. ती काही बोलली नाही, पण टेबलावरचा अर्ज पावसाने भिजू नये म्हणून तिनेच तो उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता. सभासदत्वाची पावती मिळाली आहे. दुसऱ्या शिक्षकासाठी पालकांच्या सह्यांसह अर्ज गेला आहे आणि त्याची पोच तिच्याकडे आहे. शिक्षक अद्याप आलेला नाही.