आयडिया भन्नाट होती, तरी विमान अर्धवट का राहिलं?



"सर, आयडिया एकदम जबरदस्त आहे, फक्त भांडवल पाहिजे." हे वाक्य मी रोज ऐकतो. म्हणून आज एका विमानाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव हॉर्टन २२९.

जर्मनीतले वाल्टर आणि रायमार हॉर्टन हे दोघे भाऊ. विमानाला शेपटी नको, धडही नको, नुसता पंखच उडवायचा, हे त्यांचं वेड. १९३३ पासून ते अशी ग्लायडर बनवत होते. १९४३ मध्ये हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने मागणी ठेवली: १००० किलो बॉम्ब, १००० किलोमीटर पल्ला, ताशी १००० किलोमीटर वेग. दोघा भावांनी हे काम घेतलं. ती राजवट क्रूर होती, तिचं कौतुक नाहीच. आपण फक्त कामाची पद्धत बघू.

१. आधी छोटी चाचणी. १ मार्च १९४४ ला त्यांनी इंजिन न लावताच पहिला नमुना उडवला. आधी आकार हवेत टिकतो का, ते बघितलं. तुम्हीही मशीन घेण्याआधी घरच्या मिक्सरवर वीस पाकिटं मसाला करून विकून बघा.

२. जे मिळतं त्यात भागवा. मधला सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंख मुख्यतः लाकूड आणि प्लायवूडचे. युद्धात धातूची टंचाई होती. अडून बसले नाहीत.

३. सप्लायर बदलला की सगळं बदलतं. डिझाईन बीएमडब्ल्यूच्या इंजिनासाठी होतं. ते वेळेत मिळेना, म्हणून युंकर्सचं इंजिन घेतलं. ते जास्त जाड! मग मधला भाग नव्याने आखावा लागला, वेळ गेला. लोणच्याची बरणी बदलली तर झाकण, लेबल, खोका सगळंच बदलतं ना? तसंच. दुसरा सप्लायर आधीच बघून ठेवा, मापासकट.

४. घाईची किंमत माणूस मोजतो. २ फेब्रुवारी १९४५ ला विमान पहिल्यांदा जेट इंजिनांवर उडालं. सोळा दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, चाचणीतच एक इंजिन बंद पडलं. विमान कोसळलं आणि चालक एर्विन त्सिलर मारला गेला. जेटवर उडालेलं ते एकमेव विमान होतं. तुमच्या बॉयलरवर, गॅसच्या शेगडीवर कामगार उभा असतो. ऑर्डर उद्याची असली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह आजच तपासा.

५. वेळ निघून गेली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याला तिसरा नमुना अर्धवट अवस्थेतच सापडला. तो आज अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

मग आयडिया चुकीची होती का? नाही! अमेरिकेत जॅक नॉर्थ्रप यांनीही नुसत्या पंखाच्या विमानावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्याच कंपनीचं बी-२ हे तशा आकाराचं बॉम्बर १९८९ मध्ये उडालं. तोवर कॉम्प्युटर आले होते, असं विमान स्थिर ठेवणं जमत होतं.

म्हणजे आयडिया बरोबर असूनही काम अडू शकतं. माल, वेळ, चाचणी आणि माणसाची सुरक्षितता, ही चार चाकं लागतातच.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या धंद्यात अशी कुठली एक वस्तू आहे, जी उद्या मिळाली नाही तर काम बंद पडेल? तिचा दुसरा सप्लायर शोधा आणि कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!