डुमसचा किनारा आणि आपली विहीर

वसई-पालघरकडील आपली बरीच मंडळी सुट्टीत सुरतेला नातेवाइकांकडे जातात. तेथून सुमारे 20 किलोमीटरवर, तापीच्या मुखाजवळ, डुमसचा किनारा आहे. काळसर वाळूवर फिरावे, टोमॅटोची भजी खावीत आणि परतावे, एवढ्यावर बहुतेकांची सहल संपते. शेतकऱ्याने मात्र तेथे आणखी काही पाहावे, असे आम्हांस वाटते. खारे पाणी शेतात कसे शिरते आणि कशाने अडते, याचा धडा या किनाऱ्यावर मिळतो.

वाळू, खाजण आणि झाडी

वाळूची चढण हा समुद्राचा पहिला बांध. तिच्यावर सुरूसारखी झाडे असली की खारा वारा अडतो व वाळू उडत नाही. सुरूच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात, म्हणून ते निकस वाळूतही वाढते.

खाडीच्या काठी चिखलात तिवरे उभी असतात. गुजरातीत त्यांना चेर म्हणतात. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. जादा मीठ ती पानांतून बाहेर टाकतात. पान चाटल्यास खारट लागते. त्यांच्या मुळांत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, कोळंबी व खेकड्यांची पिले वाढतात. 2021 च्या वन अहवालानुसार गुजरातेत 1,175 चौरस किलोमीटर खारफुटी होती. पश्चिम बंगालनंतर देशात हीच सर्वांत जास्त.

पाणी खालूनही येते

समुद्र केवळ वरून येत नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडे पाणी असते. वरची पातळी पंपाने अर्धा मीटर कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे 20 मीटर वर सरकते. मग केळीची पाने कडेने करपू लागतात आणि चहा मचूळ लागतो.

आपल्या वाडवडिलांनी बावखले खोदली ती याचसाठी. पावसाचे पाणी त्यांत साठून जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरते. बावखल बुजवणारा शेजाऱ्याचीही विहीर बिघडवतो.

जाताना घ्यायची काळजी

1. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारावी. ती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. खंबातच्या आखातात भरती फार मोठी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुलांना पाण्यात सोडू नये.

2. चिखलात अनवाणी उतरू नये. शिंपला वा मूळ लागल्यास जखम गोड्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

3. पिण्याचे पाणी व टोपी सोबत न्यावी. प्लॅस्टिक परत आणावे.

परमेश्वराने जमीन आपल्याला कसण्यासाठी दिली, तशीच राखण्यासाठीही दिली आहे. सहलीहून परतल्यावर आपल्या वाडीतील बावखलाचा गाळ पावसाआधी काढून घ्यावा, एवढीच आमची विनंती.