चैत्रातला एक दिवस दवण्याच्या वाफ्यांत

उन्हाळ्याची चाहूल लागली, की आपल्या डोक्यात पहिला विचार येतो तो वाळवणाचा. कुरडया, पापड, वर्षाचं तिखट, गव्हाला ऊन देणं. मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात आणि त्या संपल्या, की पाहुणे दारात! या सगळ्यातून एक दिवस आपल्यासाठी काढायचा म्हटलं तर तो सापडत नाही. पण मैत्रिणींनो, दिवस सापडत नसतो, तो काढावा लागतो. आणि काढायचाच असेल, तर चैत्रातला काढा आणि जोतिबाच्या डोंगरावर जा.

देवदर्शन तर होईलच. पण यंदा दर्शन झाल्यावर लगेच परतीची गाडी पकडू नका. डोंगराच्या परिसरात जिथं दवण्याचे वाफे असतील, तिथं जरा थांबा. बागा म्हटलं, की आपल्याला गुलाब-शेवंतीचे ताटवे आठवतात. ही बाग तशी नाही. दवण्याचं झाड गुडघ्याएवढं. पानं बारीक कातरलेली, करडी-हिरवी, अंगावर पांढरट लव. फुलं तर इतकी लहान आणि पिवळी, की मुद्दाम वाकून पाहावी लागतात. पण वाऱ्याची झुळूक आली, की सगळं शिवार घमघमतं. ही डोळ्यांची नव्हे, नाकाची बाग आहे!

देवाचा दवणा

कोल्हापूरपासून साधारण १८ किलोमीटरवरचं हे वाडी रत्नागिरी. रत्नासुराचा वध करून जोतिबा इथं राहिला, अशी कथा सांगतात. आजचं मुख्य मंदिर १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. चैत्र पौर्णिमेला इथली मोठी यात्रा भरते. उंचच उंच सासनकाठ्या नाचवत लोक येतात. त्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, पालखी यमाईच्या भेटीला जाते. या देवाला गुलालाइतकाच दवणाही प्रिय. यात्रेहून परतणाऱ्याच्या हातात दवण्याची जुडी नसेल, तर घरच्यांना यात्रा झाल्यासारखी वाटत नाही.

दवणा चैत्रातलाच का? दवण्याला संस्कृतात दमनक म्हणतात. चैत्र शुद्ध पक्षात देवांना दवणा वाहण्याची रीत फार जुनी आहे. पंचांग उघडून पाहा. द्वादशीला विष्णूचा आणि चतुर्दशीला शिवाचा दमनोत्सव दिलेला असतो. चैत्रगौरीच्या आराशीतही दवण्याची काडी हवीच.

जुडीमागचे कष्ट

आपण जुडी घेताना पैशासाठी घासाघीस करतो. पण ती जुडी तयार कशी होते, हे एकदा पाहाच. दवण्याचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणतात आणि वाळूत मिसळून वाफ्यात फेकतात. रोपं दीड-दोन महिन्यांची झाली, की पुन्हा लावायची. पेरल्यापासून काढणीपर्यंत चार महिने सहज जातात. मध्येच अवकाळी पाऊस आला, तर सुगंध आणि पीक दोन्ही हातचं जातं. एवढं करून देवासाठीच्या दवण्याला मागणी असते ती चैत्रातल्या मोजक्या दिवसांची. पौर्णिमा सरली, की कालची जुडी कोण घेणार?

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दवण्याचं बी फार टिकत नाही. वर्षभरात त्याची उगवणशक्ती जाते. म्हणजे डब्यात घालून ठेवलं आणि दोन वर्षांनी पेरलं, असं चालत नाही. दर वर्षी काही झाडं न विकता, न तोडता बियांसाठी उभी ठेवावीच लागतात. चांगला भाव चालू असताना हा मोह आवरणं सोपं नाही. पण ती झाडं कापली गेली, तर पुढच्या चैत्रात स्वतःचा दवणाच नाही. म्हणून वाफ्याच्या कडेला फुलावर आलेली झाडं दिसली, तर 'चार काड्या घेतल्या तर काय बिघडलं?' असं म्हणू नका. मुलांनाही आधीच बजावून ठेवा. वाफ्यात पाय ठेवण्यापूर्वी शेतातल्या मावशींना विचारा आणि दवणा त्यांच्याकडूनच, त्या सांगतील त्या भावानं घ्या.

जायचं कसं?

यात्रेचे दिवस आणि रविवार सोडून जा. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी गर्दी फार. पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधीचा मधला वार उत्तम. कोल्हापूरहून एस. टी. मिळते. सकाळी लवकर निघा, म्हणजे ऊन तापायच्या आत वाफे पाहून होतील. देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. सासूबाई बरोबर असतील, तर त्यांच्या गुडघ्यांना जपून चाला. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी असली की झालं. पाणी मात्र भरपूर घ्या.

साडी जुनी, सुती नेसा. गुलाल लागणारच. घरी आल्यावर कपडे लगेच पाण्यात टाकू नका. आधी कोरडेच झटका, मगच गार पाण्यात धुवा आणि इतर कपड्यांत मिसळू नका.

घरी आणल्यावर

- देवाला वाहून उरलेला दवणा सावलीत पसरून वाळवा. उन्हात वाळवला तर वास कमी होतो.
- वाळलेला दवणा मलमलच्या छोट्या पिशव्यांत भरून साड्यांच्या घड्यांत ठेवा. जरीला तो थेट लागू देऊ नका. मात्र कसर लागू नये म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नका.
- अबोली किंवा मोगऱ्याच्या वेणीत दोन काड्या गुंफा, वेणी वेगळीच खुलते.
- कुंडीत लावायची हौस असेल, तर ताजं बी मिळवून थंडीच्या सुरुवातीला पेरा. ऊन भरपूर हवं, पाणी साचता कामा नये.

वाळला तरी दवणा आपला वास सोडत नाही. आषाढात ओल्या कपड्यांच्या कुबट वासानं जीव नकोसा होतो, तेव्हा कपाट उघडा. एका दिवसाच्या रजेची किंमत तेव्हा कळेल. आणि घरातलं कुणी म्हणालंच, "आता कुठं निघालात?" तर खुशाल सांगा, देवाला दवणा वाहायला!